नगर बघून आलेली मेथी

मिरजगावच्या आठवडे बाजारात आईनं एका भाजीवालीच्या ढिगातली मेथीची जुडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "ही माझी हाय."

भाजीवालीला वाटलं, आईला ती जुडी विकत घ्यायचीय. "मग घ्या की," ती म्हणाली.

"घ्यायची न्हाई वो मावशी. माझीच हाय. मी बांधलीय."

आमच्या गावात बहुतेक घरी जुडीला सुतळी बांधतात. आई बांधावरच्या घायपाताची पात चिरून तिचा दोर करते, आणि गाठ मारली की टोक दोनदा आत खोचते. तिची आई तसं खोचायची, म्हणून. अशी गाठ पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाची नाही. भाजीवाली साठीची होती, कपाळावर पदर ओढून पोत्यावर ऐसपैस बसलेली. तिनं जुडी हातात घेतली, गाठ पाहिली आणि मोठ्यानं हसली.

"काल सांजच्याला टेम्पोत घातली आसंल तुमी. सकाळी नगरच्या लिलावात माझ्या वाट्याला आली. तुमची मेथी नगर बघून आली म्हना की."

जिल्ह्याचं नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं आहे, पण बाजारात अजून सगळे नगरच म्हणतात. आमच्या गावापासून मिरजगाव आठ किलोमीटर. तिथून नगर पन्नासेक. आणि आमच्या गावचा टेम्पो नगरला जातो तो मिरजगावच्या चौकातूनच. म्हणजे आदल्या संध्याकाळी आमची मेथी या बाजाराच्या अगदी शेजारून गेली, नगरला मुक्काम केला, लिलावात उभी राहिली आणि दुसऱ्या गाडीत बसून परत आली. आठ किलोमीटरवर खाल्ली जाणारी भाजी शंभरावर किलोमीटर फिरवायची, वाटेत चौघांनी तिला हात लावायचा, आणि मग ती 'ताजी' म्हणून विकायची. आई हसत होती. मला राग आला होता.

राग मला लवकर येतो, आणि तो घरातूनच आला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तरुणपणी शेतकऱ्यांच्या आंदोलनात होते आणि तालुक्यातली निम्मी पत्रकं त्यांनी लिहिलेली असायची. वाटून उरलेली पत्रकं आईनं कधी वाया जाऊ दिली नाहीत. इतरांच्या स्वयंपाकघरात फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरतात, आमच्याकडे पत्रकं. मी वाचायला शिकले ते डब्यांखालून. साखरेचा डबा सरकवला की 'पाणी अडवणारा कोण, पळवणारा कोण' हे निघायचं, आणि त्याचं उत्तर डाळीच्या डब्याखाली असायचं. त्यामुळे लहानपणी मी जेवताना मीठ जरी मागितलं, तरी ते मागणीसारखं मागायचे. पुढं नगरला कॉलेजात गेले, तिथं स्वतःची पत्रकं लिहायला लागले. तात्यांनी मात्र माझ्या दहावीच्या सुमारास लिहिणं सोडलं. का सोडलं ते सांगितलं नाही. कांदा लावला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तावातावानं सगळा प्रवास सांगितला. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"हे मला ठावं हाय," ते म्हणाले. "म्हनून तर म्हनतोय, विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात औंदा कांदा लावू. भाजीची कटकट नको."

आई चुलीपुढून उठली नाही, पण तिचा हात थांबला. विहिरीजवळचं ते अर्धं एकर तिचं होतं. सातबाऱ्यावर नव्हे, रोजच्या जगण्यात. लग्न होऊन आली तेव्हापासून मेथी, पालक, शेपू, चाकवत, जे काही हिरवं आमच्या घरात शिजलं आणि टेम्पोत चढलं, ते तिथलं. घरातल्या बाकी सगळ्या रानात काय लावायचं ते तात्या ठरवायचे. तिथं ती ठरवायची.

"मी सवता बाजारात बसते," आई म्हणाली. "टेम्पोत न्हाई घालायची भाजी."

तात्या हसले. "तू बसनार? शेजारनीकडं इरजण मागायचं तर पोरीला धाडती."

"बसते म्हनलं ना."

"बरं. कांद्याचं रोप लागणीला यायला तीन बाजार हायत. तिसऱ्या बाजारी तुझी पाटी रिकामी घरी आली तर रान तुझं. न्हाईतर कांदा."

"पाटीत दोनचार जुड्या ऱ्हायल्या तर?"

"रिकामी म्हंजे रिकामी."

मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. 'मिरजगावकरांनो, तुमच्या ताटातली मेथी नगर बघून आली आहे!' अशी सुरुवात. खाली शेतकऱ्याची लूट, खाणाऱ्याची फसवणूक, आणि जाड अक्षरात 'दलालांची साखळी तोडा!' तात्यांनी ते चष्मा लावून वाचलं आणि परत देताना एवढंच म्हणाले, "उद्गारचिन्हं लई झाली." मी एकही कमी केलं नाही. दोनशे प्रती काढल्या.

पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी आई दुपारपासून विहिरीवर बसली होती. नगरला माल जायचा तर मुळं स्वच्छ धुवायची, पिवळं पान खुडायचं, सगळ्या जुड्या एका मापाच्या बांधायच्या, नाहीतर लिलावात नाव ठेवतात, हे तिला वर्षानुवर्षं टेम्पोवाल्याकडून ऐकून पाठ झालेलं. सकाळी माझ्या स्कुटीवर पुढं एक पाटी, मागं आई, तिच्या मांडीवर दुसरी पाटी, असे आम्ही निघालो. बाजारात कुणी कुठं बसायचं हे ठरलेलं असतं. ते कुठं लिहिलेलं नसतं, पण नवखा माणूस भलत्या जागी बसला तर त्याला पाच मिनिटांत कळतं. आम्हाला दोनदा कळलं. तिसऱ्यांदा त्या साठीच्या भाजीवाल्या मावशीनंच आपलं पोतं हातभर सरकवलं. "बसा हितं. तुमचीच मेथी इकत बसले हुते, आता तुमाला बघते."

आईनं जुड्या मांडल्या. मुळं पांढरीशुभ्र, शेंडे एका रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. बायका यायच्या, जुडी उचलायच्या, वास घ्यायच्या आणि विचारायच्या, "कुठली?"

"इथलीच," आई पुटपुटायची.

"इथली? आन् एवढी धुतल्याली?" बाई हसून जुडी खाली ठेवायची. "नगरची हाय. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

मी धावून जायचे. "ताई, हे वाचा. ही मेथी फक्त आठ किलोमीटरवरून आलीय." कागद पुढं केला की बाई मागं सरकायची. कागद वाटणारे लोक बाजारात येतात ते काहीतरी गळ्यात मारायला, हा तिथला अनुभव आहे. एका आजोबांनी पत्रक निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "डोळ्याचं शिबिर कवा हाय?" एकानं त्यात तंबाखूची पुडी बांधली. तिसऱ्यानं विचारलं, कुठल्या कंपनीची मेथी आहे. आमची खरीखुरी, घरच्या विहिरीवरची मेथी मी दोन तासांत कंपनीची करून टाकली होती.

गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मावशीनं एक पत्रक उचललं. बोट ठेवून, मोठ्या आवाजात, आजूबाजूच्या चार पोत्यांना ऐकू जाईल असं वाचलं. दलालांच्या ओळीशी थांबली.

"दलाल कोन गं? मी व्हय?"

"नाही मावशी, तुम्ही नाही. म्हणजे... व्यवस्था."

"व्यवस्था जाती व्हय पहाटं नगरला? मी जाती. पाच जनी मिळून गाडी करतो. हिवाळ्यात दात वाजत्यात." तिनं पत्रकाची नीट घडी घातली आणि पोत्याखाली ठेवली. "अक्षर ब्येस हाय तुझं, पुढारी."

ते छापलेलं होतं. मी उरलेली पत्रकं पिशवीत घातली.

निम्म्याहून जास्त भाजी माघारी आली. शेजारीपाजारी वाटली, थोडी सुकवायला घातली, उरलेली गाईनं खाल्ली. तात्यांनी मेथीची भाजी दोनदा मागून घेतली आणि "चांगली झालीय" म्हणाले. गाईचंही तेच मत होतं.

खरं म्हणजे त्या दिवशी निघताना मावशीनं आईला बाजूला घेऊन चूक सांगितली होती. "धुऊ नको, पोरी. धुतलेली भाजी लांबनं आल्याली, हे हितल्या बायांना पाठ हाय. मुळाला माती दिसू दे. आन् जुडी बारीक कर, ही खानावळीची जुडी झाली."

आईला ते पटेना. माती लागलेली भाजी लोकांपुढं मांडायची म्हणजे पाहुण्याला खरकट्या ताटात वाढण्यासारखं तिला वाटत होतं. आठवडाभर ती कुरकुरली. पण दुसऱ्या बाजाराला आम्ही पहाटे उपटलेली, मुळांना ओली माती चिकटलेली मेथी घेऊन गेलो, आणि मला ती पहिल्यांदा इतकी देखणी वाटली. जुड्या लहान, एखादी वाकडी, एखाद्या शेंड्यावर किड्यानं पाडलेलं भोक. बायका थांबायला लागल्या. एकीनं ते भोक बघूनच जुडी घेतली. "किड्याला चालती म्हंजे औषध न्हाई मारल्यालं," ती म्हणाली. पालकही हलला. तरी शेवटी पाव पाटी उरली, कारण "कुठली?" हा प्रश्न अजून तसाच होता. आई म्हणायची "इथलीच", आणि शेजारी मावशीही आपल्या नगरहून आणलेल्या भाजीला "इथलीच" म्हणत होती. ओळीतल्या सगळ्या पोत्यांवर "इथलीच" होतं.

मला राहवलं नाही. "मावशी, तुम्ही खोटं सांगता."

"मग काय सांगू? लिलावातली?" ती चिडली नव्हती, खरंच विचारत होती. "बाई इचारती कुठली, तर मला ठावं तरी पायजे ना. कुनाचं रान, कुठली विहीर, हे नगरला कोन सांगतंय? तितं समदी मेथी एकच."

परत येताना मी सगळा रस्ता त्यावर विचार करत होते. मी पत्रकात किलोमीटर लिहिले होते. डिझेल लिहिलं होतं, लूट लिहिली होती, आणि ते सगळं आजही खरं आहे. संध्याकाळ झाली की आमच्याकडचे टेम्पो नगरकडेच तोंड करून उभे राहतात. आठवडे बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायांच्या डोक्यावर सावली नाही, प्यायला पाण्याची तोटी नाही. लिलावाला पक्कं छप्पर आहे, बाजाराला नाही. हे कुणीतरी ठरवलं म्हणून असं आहे, आणि त्याविरुद्ध मी लिहीतच राहणार आहे. पण एक गोष्ट मला मावशीनं दाखवली. लांब गेलेल्या भाजीचं पान नंतर सुकतं, पत्ता आधी सुकतो.

हे मी घरी आल्यावर आईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं विचारलं, "पत्ता म्हंजे काय, गट नंबर सांगू व्हय?" मी म्हटलं, तू मला रान कुठं आहे ते कसं सांगशील, तसं सांग. "तुला कशाला सांगू, तुला ठावं हाय," ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

तिसऱ्या बाजारी दोन्ही पाट्या भरून नेल्या. मी तिला म्हटलं, थोडी कमी नेऊ, पाटी लवकर रिकामी होईल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी सगळी तत्त्वं आठवली. एकही पत्रक घेतलं नव्हतं. ऊन कोवळं होतं. पहिलीच बाई आली ती वयस्कर, हातात प्लास्टिकच्या दोऱ्यांनी विणलेली पिशवी. जुडी उचलली आणि विचारलं, "कुठली?"

"इथ..." म्हणता म्हणता आई थांबली. मग एकदम म्हणाली, "महादेवाच्या वाटंला जोडचिंच हाय न्हवं? तिच्या खालच्या विहिरीवरची."

बाईनं जुडी खाली केली. "वढ्याच्या अल्याड?"

"व्हय. दगडी पायऱ्यांची."

"आगं, त्या विहिरीत पवायला शिकले मी. माझ्या मामाचं रान तितंच. पानी हाय का अजून?"

"हाय की. गोड हाय. भाजी खाऊन बघा, कळंल."

बाईनं दोन जुड्या घेतल्या, पुढं गेली, आणि मिरच्या विकत घेणाऱ्या दुसऱ्या एका बाईला हाताला धरून घेऊन आली. "ही बघ, जोडचिंचेखालची मेथी." दुसरीचं म्हणणं पडलं की ती जोडचिंच नाहीच, एकच झाड आहे, खाली फाटलेलं. आई म्हणाली, दोन आहेत, मी रोज बघते. मिरचीवाला आपलं माप सोडून या वादात पडला. त्यानं सांगितलं, त्याच्या चुलत्याच्या लग्नात वरातीची बैलगाडी त्या चिंचेखालीच मोडली होती. कुणीतरी विचारलं, वरात मग पुढं गेली कशी. त्यावरून हशा झाला आणि हसता हसता आठ-दहा जुड्या गेल्या.

मी आईकडे बघत राहिले. इरजण मागायला मला धाडणारी बाई हात हलवून, मान वेळावून रानाचा नकाशा सांगत होती. "शेपू त्याच विहिरीचा, पर दक्षिणेच्या वाफ्यातला, तितं ऊन लई पडतं." "पालक घेताय? आधीच सांगते, वढ्याकडच्या वाफ्यातला हाय, जरा उग्र हाय." एक बाई उग्र नको म्हणून गेली, आणि मागची म्हणाली, मला उग्रच द्या. एका तरुण पोरीनं तर मोबाईलवर आईचं बोलणं टिपून घेतलं आणि तिथल्या तिथं नवऱ्याला पाठवलं. मला एकदाही घोषणा द्यावी लागली नाही. माझं काम सुट्टे पैसे देण्याचं आणि शेजारून पाण्याची बाटली भरून आणण्याचं होतं, आणि इतक्या आनंदानं मी दुसरं कुठलंही काम केलेलं नाही.

दुपार कलली, बाजार पांगायला लागला, तेव्हा पाटीत मेथीच्या तीन जुड्या उरल्या होत्या. शेवटचं गिऱ्हाईक जाऊन बराच वेळ झाला होता. मावशीनं हात पुढं केला. "दे त्या तीन मला. घरी नेते."

"नको मावशी," आई म्हणाली. "कीव म्हनून नको."

तेवढ्यात तात्या आले. खताची गोणी आणायला आलो, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. गाडीवर गोणी नव्हती. पाटीकडे त्यांनी वाकून पाहिलं, तीन जुड्या मोजल्या, आणि गिऱ्हाइकासारखं विचारलं, "कुठली भाजी?"

आईनं मान वर केली नाही. "ज्याला कांदा लावायचाय, त्याच्या रानातली."

मावशी खो खो हसली. "पावनं, घ्यायची का नुसतं इचारताय? बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत्यात."

बाकीचं कुणीही नव्हतं. तात्यांनी एक जुडी उचलली, मुळाची माती चुरगळून पाहिली. मला वाटलं, आता ते 'रिकामी म्हंजे रिकामी' म्हणणार. मी भांडायला तयारच होते, मुद्देसुद्धा मांडून ठेवले होते. त्यांनी तिन्ही जुड्या पिशवीत टाकल्या.

"पैसं," आई म्हणाली.

त्यांनी पैसे दिले. भाव केला नाही.

घरी जाताना ते गाडीवरून शेजारी आले आणि मला ओरडून म्हणाले, "भाजी माघारी घरीच चाललीय की. करार मोडला." मी ओरडून सांगितलं की गिऱ्हाइकाच्या पिशवीतून गेलेली भाजी माघारी आलेली नसते. मागून आईनं दोन्ही पाट्या उलट्या करून हवेत धरल्या होत्या, आणि स्कुटीचा तोल जात होता.

निघताना मावशीनं तिला बजावलं होतं, पुढच्या बाजारी माझ्यासाठी चाळीस जुड्या जादा आण, मला मेथीसाठी नगरला जायला नको. "आन् मला त्या चिंचेचं एकदा नीट सांग, गिऱ्हाइकानं इचारलं तर." तिनं दोन झाडं की एक, हेही पक्कं करून घेतलं.

दोन दिवसांनी कांद्याचं रोप खालच्या रानात लागलं. त्याच सकाळी तात्या दोरी आणि कुदळ घेऊन विहिरीजवळ गेले आणि भाजीचे वाफे नव्यानं आखायला लागले. आई आणि मी बांधावर उभ्या होतो. अर्धं एकर संपतं तिथं एक दगड आहे. तात्यांची दोरी दगडाशी आली, आणि न थांबता चार वाफे पुढं गेली. ते खाली मान घालून खुंट्या ठोकत होते.

आईनं पाहिलं. मग बांधावरून म्हणाली, "तितं चाकवत बरा यील."

"गवार," तात्या वर न बघता म्हणाले.

"चाकवत," आई म्हणाली, आणि बी आणायला घराकडे निघाली.